रिकाम्या तळव्यावर

संजयचा उजवा अंगठा हलत होता. हातात काही नव्हतं. तळवा मांडीवर उताणा पडलेला, बोटं किंचित आत वळलेली, आणि त्या पोकळीवर अंगठा आधी डावीकडे सरकत होता, मग अर्धा गोल फिरत होता, मग खाली टेकून क्षणभर थांबत होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बाकीचा संजय स्थिर होता. पांढरा सदरा, मिटलेले डोळे, खाली झुकलेली मान. झोपेत कुणाचा पाय हलावा तसं हे नव्हतं, यात क्रम होता. आम्रपालीने तो क्रम एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यानंतर अंगठा कुठे टेकणार हे तिला आधीच कळू लागलं. प्रयोगशाळेत असं झालं की तिला बरं वाटायचं. एखादी गोष्ट आधी सांगता आली म्हणजे ती समजली, असं तिला शिकवलेलं होतं. इथे तिला बरं वाटलं नाही. 

हडपसर गावठाणातल्या विहारात तिच्या सासूबाईंच्या, हिराबाईंच्या, पुण्यानुमोदनाची स्तब्धता चालू होती. बौद्धाचार्यांनी दोन मिनिटं म्हटलं होतं. समोर मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि मधे स्टुलावर हिराबाईंचा फोटो. हा फोटो आम्रपाली आणि संजयच्या मुलीने, पूर्वाने, मोबाइलवर काढलेला होता. त्यात हिराबाई काढणाऱ्याकडे न बघता बाजूला कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आम्रपालीचेही असायला हवे होते. आत येताना चपला काढता काढता नणंद शालू म्हणाली होती, "वहिनी, दादा किती वाळलाय गं. त्याला खायला घालतेस, की नुसता अभ्यास करतेस त्याचा?" त्यावर सासरे, दशरथअण्णा, काठी भिंतीला टेकवत म्हणाले होते, "शालू, आज तरी तोंडाला सुट्टी दे." शालू म्हणाली, "आईचीच आहे मी, अण्णा. तिनं कधी घेतली होती सुट्टी?" आणि मग तिघेही थोडं हसले होते. संजय हसला नव्हता. तो जवळच उभा होता आणि त्याने ऐकलंही होतं, पण त्याचं हसू अलीकडे उशिरा यायचं. सगळे आत जाऊन बसल्यावर ते त्याच्या चेहऱ्यावर आलेलं आम्रपालीने पाहिलं.

तो खरंच वाळला होता. आणि पोट तेवढं सुटलं होतं. डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली त्याच्या खिशात असायची, कारण पडद्याकडे बघताना माणूस पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. हे डॉक्टरांनी सांगण्याआधी तिने पाहिलं होतं. करंगळीला मुंग्या यायच्या. मान एका बाजूला वळायची नाही, म्हणून रस्ता ओलांडताना तो अख्खा वळायचा. रक्तातली साखर काठावर आली होती. पण यातल्या कशालाही वास नव्हता. या घरात व्यसन म्हणजे वास येणारी गोष्ट. अण्णा तरुणपणी प्यायचे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुटले की सरळ घरी येत नसत, आणि घरी आले की वास त्यांच्या आधी आत यायचा. पुढे त्यांच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, याच विहारात, ते चार लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, उद्यापासून नाही. त्यानंतर थेंब नाही. त्या घराण्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. अण्णांचं पाहून शालूच्या नवऱ्याने असंच उभं राहून तंबाखू सोडली होती. त्यामुळे संजय कशालाच शिवला नाही हा हिराबाईंचा मोठा अभिमान होता. मघाशी पंचशील घेताना, बेसावध करणाऱ्या मादक गोष्टींपासून दूर राहण्याचं पाचवं शील त्याने सगळ्यांत स्पष्ट आवाजात म्हटलं होतं. खोटं म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि शालूला आणि अण्णांनाही. आम्रपालीलासुद्धा कितीतरी काळ तसंच वाटत होतं. ती मनात या गोष्टीला 'सवय' म्हणायची, आणि लोकांत 'जरा विरंगुळा'.

सुरुवात लॉकडाउनमध्ये झाली. खराडीचं ऑफिस बंद पडलं आणि आतल्या खोलीत टेबल आलं, मोठा पडदा आला, पाठीला आधार देणारी काळी खुर्ची आली. ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा संजयच्या टीमवर त्याच्यापेक्षा बराच लहान माणूस बसलेला होता. संजयने घरूनच काम करायची परवानगी मागून घेतली. मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा बंद असे आणि तो बोलत नसे. मीटिंग संपली की तो दुसरा हेडफोन लावायचा आणि त्याचा आवाज बदलायचा. तो आवाज तिने लग्नाच्या सुरुवातीला ऐकलेला होता: मोकळा, थोडा खालचा, दुसऱ्याला धीर देणारा. "घाबरू नको, मी मागे आहे. डावीकडून ये. शाब्बास." साताऱ्याचा एक मुलगा होता, इंदूरचे दोघे भाऊ होते, नागपूरची एक मुलगी होती. ते त्याला संजूभाई म्हणायचे आणि ऑनलाइन खेळात त्याच्या सांगण्यावरून धावायचे, लपायचे, मरायचे, पुन्हा जन्मायचे. ती चहा घेऊन आत गेली की त्यातला साताऱ्याचा म्हणे, "वहिनी आल्या वाटतं. जय भीम वहिनी. भाईंना पाच मिनिटं द्या, मग घेऊन जा." ती हसायची. मुलं वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं.

ती हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या ऊस संशोधन संस्थेत होती, टिश्यू कल्चरच्या विभागात. उसाच्या कोंबाच्या टोकातला अगदी लहानसा भाग घ्यायचा, बाटलीत पोषक द्रव्याच्या गोळ्यावर ठेवायचा, आणि बंद खोलीत एकसारख्या थंडाव्यात, एकसारख्या दिव्याखाली वाढवायचा. बाटलीतलं रोप फार सुंदर दिसतं. हिरवंगार, एकाही पानाला डाग नाही. पण त्याच्या पानावर मेणाचा थर नसतो, आणि पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटायची कशी हे त्याला माहीत नसतं, कारण आत कधी ऊनच नसतं, वारा नसतो, तहान नसते. तसंच बाहेर आणून ठेवलं तर ते जेवणाच्या सुट्टीएवढ्या वेळात माना टाकतं. म्हणून त्याला हळूहळू कणखर करायचं. आधी ओलाव्यात, मग सावलीच्या जाळीखाली, मग थोडं ऊन, मग जास्त. हे काम आम्रपालीचं होतं आणि तिची रोपं फारशी मरत नसत. संजयच्या बाबतीत तिने भांडण केलं नाही, हेडफोन ओढला नाही, इंटरनेट बंद केलं नाही. तिने जे येत होतं ते केलं. आधी फक्त जेवायला बाहेर यायचं. मग जेवण आणि एक फेरी. मग रविवारी विहार. प्रत्येक पायरीला तो हो म्हणाला. "तू म्हणतेस तसं करू या," तो म्हणायचा, आणि त्याचा हात तिच्या हातावर यायचा, आणि तो हात तेव्हाही गरम असायचा, खेळाच्या कंट्रोलरमुळे.

आता सतरंजीवर बसून, त्या अंगठ्याकडे बघत असताना, तिला आपण काय केलं ते कधी नव्हे इतकं नीट दिसलं. जेवायला बाहेर यायचं ठरलं त्याच आठवड्यात सामना लांबला, म्हणून तिने पोळीची गुंडाळी करून आत दिली, एका हाताने खाता येईल अशी. मग रोजच पोळीची गुंडाळी होऊ लागली. पडद्यावर चमक येते म्हणून हॉलचे पडदे ओढले गेले ते तसेच राहिले, आणि कुंडीतली तुळस लांबट, फिकट होऊन खिडकीकडे वाकली. मिक्सरचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून ती चटणी पहाटेच वाटून ठेवू लागली, कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करू लागली. पूर्वा टाचा न टेकता चालायला शिकली. शेजारच्या सुहासिनीकाकू येईनाशा झाल्या, शेवटच्या वेळी आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे कायम कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं हो." आवाज नाही, ऊन नाही, वारा नाही, एसीचा एकसारखा थंडावा, आतल्या खोलीच्या दाराखालून येणारा निळसर उजेड. रोप कणखर करायचं तर आधी झाकण काढावं लागतं. तिने झाकण काढलंच नव्हतं. तिने बाटली मोठी केली होती आणि घरातल्या सगळ्यांना आत घेतलं होतं.

त्यातली शेवटची पूर्वा होती. पूर्वा आधी दारात उभी राहून बघायची. मग खुर्चीच्या हातावर बसायची. पाचवीत गेल्यावर तिने वाढदिवसाला हेडफोन मागितले, गुलाबी, आणि संजय इतका खूश झाला की त्या दिवशी तो स्वतः बाजारात गेला. मुलीला वडील हवे होते; ते जिथे होते तिथे ती गेली. यात चूक काढण्यासारखं काय होतं? आम्रपाली संस्थेतून परत यायची तेव्हा दोघांचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू यायचं, आणि तिला वाटायचं, निदान हसतायत. शाळेतल्या मैत्रिणी येईनाशा झाल्या. चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "हिला उन्हात खेळू द्या, रोज," आणि पूर्वाने गाडीत विचारलं, "उन्हात एकटीनं काय खेळायचं, मम्मी?"

त्या दुपारी आम्रपाली जाळीखाली रोपं लावत होती. अण्णा ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गेले होते. हिराबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. आतल्या खोलीत बाप आणि लेक एकाच टीममध्ये होते, दोघांच्या कानांवर हेडफोन, आणि ते जिंकत होते. अण्णा परत आले तेव्हा नळ वाहत होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात संजयने सगळं केलं, धावपळ केली, रक्ताची सोय केली, आईचे पाय चेपले. कुणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. हिराबाई खाटेवरून सगळ्यांना एकच सांगत होत्या, "मी हाकच मारली न्हाई. म्हटलं उठंन आपली आपण. पोरांचा काय दोष?" त्या हे पूर्वाच्या समोर मुद्दाम सांगायच्या. पण त्यांचा आवाज बसलेला होता. शस्त्रक्रियेच्या आधीच, घशात नळी जायच्या आधीच बसलेला होता. हडपसरच्या मंडईत आयुष्यभर भाजी विकलेली बाई. या टोकाला तिने मेथीचा भाव सांगितला की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं. असा आवाज एकदोन हाकांनी बसत नाही. आम्रपालीने हे कुणाला सांगितलं नाही. हिराबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं की हे तिला कळलंय हे त्यांना कळलंय. मग छातीत कफ भरला, आणि त्या गेल्या. नंतर एका सकाळी केस विंचरून घेताना पूर्वाने आरशातून विचारलं होतं, "मम्मी, आजीनं खरंच हाक नव्हती मारली?" आम्रपाली म्हणाली, "आजी म्हणाली ना." कंगवा तिने खाली ठेवला नाही. केस विंचरून झाले होते तरी ती विंचरत राहिली.

आणि संजय रडला तो कुठे, तर पडद्यासमोर. आई गेल्याचं त्या मुलांना कळलं तेव्हा त्यांनी खेळातल्या एका डोंगरावर सगळ्यांना बोलावलं. सूर्य मावळत होता, तो तिथे कायमच मावळत असतो. सगळे ओळीने उभे राहिले, बंदुका खाली ठेवल्या, कुणी बोललं नाही. त्या ओळीत कडेला गुलाबी केसांची एक लहान आकृती होती, ती पूर्वा. "बघ, बघ ना," संजय आम्रपालीचा हात धरून म्हणाला, "मुलांनी काय केलं बघ," आणि तो हमसून हमसून रडला. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तिला मत्सर वाटला का, तिने नंतर तपासून पाहिलं, मत्सर नव्हता. भीती होती. तिथे त्याचा शोक पुरा झाला होता. इथे, त्याच्या आईच्या फोटोसमोर, आज त्याच्यापाशी शोकासाठी काही उरलं नव्हतं, फक्त अंगठा होता, आणि तो परत जायला निघाला होता.

संस्थेने वसाहतीत तिला दिलेल्या घराची किल्ली तिच्या प्रयोगशाळेतल्या ॲप्रनच्या खिशात होती. दोन खोल्या, समोर उसाचे चौकोन, एक मोठं चिंचेचं झाड, आणि संध्याकाळी आरडाओरडा करणारी वसाहतीतली पोरं. किल्ली घेतली तेव्हा तिने ठरवलं होतं, सहामाही परीक्षा झाली की पूर्वाला घेऊन जायचं. मग ठरवलं, आईंना बरं वाटलं की. मग, आई चालू लागल्या की. हात निर्जंतुक करताना ती किल्ली पाण्याने भिजेल म्हणून दुसऱ्या खिशात टाकायची, आणि मग परत पहिल्या खिशात. एकदा ती ॲप्रनसकट तशीच दवाखान्यात आली तेव्हा हिराबाईंनी विचारलं, "खिशात काय वाजतंय तुझ्या?" तिने सांगितलं. सासूला असं सांगावं का, हा विचार सांगून झाल्यावर आला.  त्या म्हणाल्या, "ह्यांनी किती येळा मनात सोडली हुती, माहितीय का तुला? रोज सकाळी सोडायचे. मनात सोडलेली सुटत नसती, आमू. तोंडानं सोडावी लागती. चारजणांत." मग डोळे मिटून, बसलेल्या आवाजात, "मी आहे तवर थांब म्हणनार न्हाई. पण मी आहे तवर तू जानार न्हाईस, ते ठाऊक हाय मला."

शालूच्या बाजूला कुणीतरी खोकलं. मेणबत्तीची ज्योत वाकली आणि सरळ झाली. आम्रपालीने नजर संजयच्या हातावरून काढली आणि त्याच्यापलीकडे बसलेल्या पूर्वाकडे नेली. पूर्वाने डोळे घट्ट मिटले होते, इतके की चष्म्यामागे सुरकुत्या पडल्या होत्या. पांढऱ्या फ्रॉकवर तिचे दोन्ही हात होते. डाव्या हाताच्या मुठीत तिने आपला उजवा अंगठा धरून ठेवला होता. सहज धरलेला नव्हता. नखं पांढरी पडली होती. मूठ मधेच किंचित उचलली जायची, आतलं काहीतरी सुटू बघत असल्यासारखी, आणि पूर्वा ती पुन्हा मांडीवर दाबायची. तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. तिने स्वतःचं स्वतः ओळखलं होतं की हात हलतो, आणि आजीसमोर तो हलता कामा नये. कितीतरी दिवस ती हे करत असेल, शाळेत बाकाखाली, पांघरुणात. आपली मुलगी एकटी, कुणाला न सांगता, स्वतःला कणखर करत होती, आणि तिच्या अंगावर जाळीची सावलीसुद्धा कुणी धरली नव्हती.

"साधू, साधू, साधू," बौद्धाचार्य म्हणाले. सगळ्यांनी श्वास सोडले. संजयने डोळे उघडले आणि हात सहज सदऱ्याच्या खिशाकडे गेला, तिथे फोन नव्हता, तेव्हा परत आला. पूर्वाने मूठ सोडली आणि अंगठा हलकेच चोळला.

अण्णा बोलले. उभं राहवत नव्हतं म्हणून बसूनच बोलले. "हिरानं मला मानसात आणलं," ते म्हणाले. "इथंच आणलं. त्या खांबाजवळ उभा होतो मी." एवढंच. मग शालू बोलायला उठली आणि तिला रडू आलं, म्हणून ती म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, रडायचं होतं तर उठलीस कशाला," आणि बसली. लोक हसले, डोळे पुसत.

"आता सूनबाई दोन शब्द बोलतील," बौद्धाचार्य म्हणाले. संजय तिच्याकडे वळला, मान वळत नाही म्हणून अख्खा वळला, आणि हळू आवाजात म्हणाला, "थोडक्यात सांग. नाही जमलं तरी चालेल." त्याला तिची काळजी होती, ती चारचौघांत बोलत नसे हे त्याला माहीत होतं. ते त्याच्या लक्षात आहे याचं तिला या क्षणी फार वाईट वाटलं.

ती उठली.  ती फोटोजवळ गेली नाही. खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिथे का, हे अण्णांना कळलं असावं, कारण त्यांनी काठी हातात घेतली आणि ते नीट सावरून बसले.

"आईंचा आवाज मोठा होता," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतच पोचला, म्हणून तिने तेच वाक्य पुन्हा, जरा वर म्हटलं. "आईंचा आवाज मोठा होता. मंडईतल्या बायका सांगतात, त्यांच्या शेजारी बसलं की आपली भाजीसुद्धा विकली जायची. आमच्या घरात तो आवाज हळूहळू कमी झाला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच खुणेनं सांगायचे, जरा हळू, आत काम चाललंय." ती थांबली. पूर्वा तिच्याकडे बघत होती. त्या दिवसाच्या हाकांबद्दल इथे बोलायचं नव्हतं; ते पूर्वाला एकटीला सांगायचं होतं, चिंचेखाली, हळूहळू, ती विचारील तेवढंच, पण खरं. "या घरात कुणाच्या पुण्यानुमोदनाला कुणीतरी उभं राहून काहीतरी ठरवतं. मी पुष्कळ दिवस मनात ठरवत होते. आई म्हणायच्या, त्याला ठरवलेलं म्हणत नाहीत."

 शालूने अण्णांकडे पाहिलं. संजयच्या चेहऱ्यावर मघाचं कुठलं तरी हसू येऊन थांबलं होतं, ते अजून उतरायचं होतं. त्याचा अंगठा कुठे होता ते आम्रपालीने पाहिलं नाही.

"अहो," ती त्याला म्हणाली, सगळ्यांसमोर, शेवटच्या ओळीला ऐकू जाईल अशी, "उद्या सकाळी मी पूर्वाला घेऊन मांजरीला राहायला जातेय. तुमचं यायचं झालं तर कधीही या, पण तिथे पडदे लावणार नाही, आणि आम्ही मोठ्याने बोलणार आहोत."